बेडकीचा पाला आणि उंदरांची साखर

बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार, चघळला की थोडा वेळ साखर वाळूसारखी बेचव लागते. त्यामुळे ‘पानांचा अर्क मधुमेहावर गुणकारी’ सांगणारे शोधनिबंध चटकन पटतात. पण त्यांतली चाचणी अनेकदा ॲलॉक्झान टोचलेल्या उंदरांवर असते. हे रसायन इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारते. बहुसंख्य रुग्णांत मात्र त्या शिल्लक असतात, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. शिवाय असे काही उंदीर अर्काविनाही सुधारतात. मग अर्क न दिलेल्या उंदरांचा गट होता का? वर्गात हा प्रश्न आधी विचारावा. गॅलेगा वनस्पतीशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये तयार झाले. रुग्णांवरील निष्कर्ष १९५७ मध्ये आले. उंदरांवरील यश ही सुरुवात. तेवढ्यावर विसंबून कोणीही इन्सुलिन सोडू नये.