‘बदलवणे’ची कुळकथा

शाळेत असताना निबंधात मी लिहिले होते, ‘बाबांनी सायकलची चेन बदलवली.’ गुरुजींनी ‘व’वर लाल रेघ मारून ‘बदलली’ केले. चंद्रपूर-गडचिरोलीत वाढलेल्या अनेकांच्या वहीत अशी रेघ असेल. ती बरोबर होती का, एवढाच या टिपणाचा प्रश्न आहे.

‘बदल’ शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याला ‘-णे’ लागले आणि तो ‘करणे’, ‘बसणे’ यांच्या पंगतीत बसला : बदलतो, बदलला, बदलून. ‘खर्चणे’ आणि ‘फर्मावणे’ही असेच घडले. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दाचा उगम संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्थानी, हे एका अक्षराने दाखवले जाते. ती सोय उपयोगाची. पण मिश्र क्रियापदाचे कूळ एका अक्षरात मावत नाही.

पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिद्दिश भाषेत ‘गनव्हेनेन’ म्हणजे चोरणे. त्यातला ‘चोर’ हिब्रू आहे आणि क्रियापदाचा प्रत्यय जर्मन वळणाचा. आपल्या ‘बदलणे’ची घडण हीच. उसना धातू रुळला की नाही, हे त्याच्या मुळावरून कळत नाही. त्याला नवी रूपे फुटतात का, यावरून कळते.

‘बदलवणे’ हे तसे फुटलेले रूप आहे. प्रमाण मराठीत ‘हवा बदलली’ आणि ‘चेन बदलली’ यांत क्रियापद एकच. आमच्याकडे हवा बदलते, चेन मात्र बदलवतात. आपोआप घडणे आणि कोणीतरी घडवणे, हा भेद आम्ही बोलण्यात राखतो. भिजणे-भिजवणे, हसणे-हसवणे या जोड्यांचाच हा नियम. म्हणजे अरबी शब्दाला विदर्भाने अस्सल मराठी व्याकरण अधिक काटेकोरपणे लावले!

भाषाशुद्धीवाल्यांनी शब्दाचे मूळ पाहिले, गुरुजींनी प्रमाणरूप पाहिले. त्यामागचा नियम दोघांच्याही नजरेतून सुटला. माझे त्यात फारसे नुकसान झाले नाही, घरी मराठीच होती. पण भामरागड-एटापल्लीकडे घरात माडिया बोलणारे मूल मराठी शाळेत शिकते. ते ऐकलेला नियम अचूक लावते आणि गुण गमावते. त्याला ‘बदलली’ हे प्रमाणरूप जरूर शिकवावे. ‘बदलवली’ला चूक म्हणू नये. कोशात आणि पाठ्यपुस्तकात ते पर्यायी रूप म्हणून नोंदवावे.