गाण्याजवळ थांबलेला कॅमेरा

आनंद पटवर्धनांची ओळख करून देताना आपल्याकडे आधी पुरस्कारांची यादी वाचतात. राष्ट्रीय पुरस्कार, फिल्मफेअर, २०१८ साली ‘विवेक’ला अ‍ॅमस्टरडॅमच्या महोत्सवात मिळालेला मान. यादी खरी आहे, पण तिच्यातून माणसाचं काम कळत नाही. ‘राम के नाम’ला सरकारनंच राष्ट्रीय पुरस्कार दिला, आणि तो सरकारच्याच दूरदर्शनवर दिसावा म्हणून दिग्दर्शकाला कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘वॉर अँड पीस’मध्ये सेन्सॉरनं कापाकापी सांगितली, ती उच्च न्यायालयात टिकली नाही. निम्मी कारकीर्द वकिलांच्या सोबतीनं गेली म्हणा ना.

आम्हाला बोलायचंय ते त्यांच्या ऐकण्याबद्दल.

१९८५चा ‘हमारा शहर’ मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर आहे. बुलढाण्याहून मुंबई-पुण्याला कामाला गेलेली माणसं आपल्या नात्यागोत्यात आहेत, म्हणून तो आपल्याला परका वाटत नाही. त्यात एक बाई उलट दिग्दर्शकालाच झापते: आमची चित्रं काढून नाव तुमचं होणार, आमच्या पदरात काय? हा प्रसंग त्यांनी कापला नाही. याच माहितीपटात शाहीर विलास घोगरे गातात.

११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. काही दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. डाव्या चळवळीतला हा शाहीर, पण जाताना डोक्याला निळं फडकं बांधून गेला. त्या फडक्याचा अर्थ शोधत पटवर्धन १४ वर्षं चित्रीकरण करत राहिले, तेव्हा कुठं २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ झाला. निवेदन अगदी थोडं. वस्तीतले गायक गातात, कबीर कला मंचाची शीतल साठे गाते, आणि कॅमेरा गाणं अर्ध्यावर तोडत नाही.

एक तक्रार मात्र आहे. विरोधी बाजूच्या माणसाजवळ ते असं थांबत नाहीत. रस्त्यावरच्या एखाद्या अडाणी उत्साही पोराला दोन प्रश्नांत उघडं पाडायचं, प्रेक्षक हसले की पुढं निघायचं, असं ‘राम के नाम’मध्ये होतं आणि ‘विवेक’मध्येही होतं. पण त्या पोराच्या घरात काय चाललंय, शेतात काय पिकलं, तो तिथवर कसा आला? ते आपल्याला हवं होतं, कारण ती पोरंही आपल्याच गावांतली आहेत.

‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून मोठा आहे. फार लांबला, असं चर्चेत म्हणतात. आपल्याकडं १४ एप्रिलला भीमगीतांची मैफल मध्यरात्र उलटली तरी चालते, तिथं घड्याळ कोण बघतं? आत्ता आपण तो सबंध बघणार आहोत. मध्ये चहाला थांबू, कापणार काहीच नाही.