ग्रंथाचा शोध आणि नृत्याचा वारसा : ‘नर्तनाध्याया’च्या निमित्ताने

विस्मृतीत गेलेल्या ग्रंथाविषयीचे जाहीर व्याख्यान हा आपल्याकडे आता एक स्वतंत्र भाषणप्रकारच झाला आहे. त्याची घडण बहुधा ठरलेली असते. आरंभी ग्रंथकर्ता आणि त्याचा काळ, मग हस्तलिखितांची हकीकत, मग एखाद्या शिल्पाचे चित्र आणि शेवटी वारसा जपण्याचे आवाहन. या प्रकाराला वक्तृत्वाच्या सदरात टाकून समीक्षा मोकळी होते. वास्तविक संहिता, तिचे अर्थनिर्णयन आणि तिचा प्रयोग यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न नृत्यविषयक ग्रंथाच्या बाबतीत जितका उघडपणे उभा राहतो, तितका अन्यत्र क्वचितच राहतो. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील सातव्या, म्हणजे नर्तनाध्यायाच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

हा ग्रंथ देवगिरीचा यादव राजा सिंघण (१२१०-१२४७) याच्या आश्रयाने रचला गेला. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातील शार्ङ्गदेव हा राजदरबारी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेब-दप्तराचा प्रमुख होता. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद; छत्रपती संभाजीनगरपासून ते सुमारे १५ किलोमीटरवर आहे. या शहरात १९९६ साली स्थापन झालेल्या महागामी गुरुकुलाने पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरवण्याची प्रथा पाडली आणि त्यात सादरीकरणाच्या जोडीने सप्रयोग व्याख्यानांनाही स्थान दिले. ज्या भूमीत ग्रंथ लिहिला गेला तेथेच त्याची चर्चा व्हावी, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु तिच्यामुळेच एक सैद्धान्तिक प्रश्न उपस्थित होतो : ग्रंथ ‘पुन्हा सापडतो’ म्हणजे नेमके काय घडते?

‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रूढ अर्थाने कधीच हरवला नव्हता. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाने कल्लिनाथाने त्याच्यावर टीका लिहिल्या. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये तो छापला. अड्यार ग्रंथालयाची चार खंडांतील आवृत्ती १९५३ पर्यंत पूर्ण झाली. तेव्हा येथे पोथी हरवलेली नसून ती वाचताना हातापायांनी प्रतिसाद देणारा वाचक हरवला आहे. नर्तनाध्यायात १०८ करणे आहेत, ३६ उत्प्लुतिकरणे आहेत, देशी स्थानके आणि चारी आहेत. ही वर्णने ज्याला आधीपासून नाचता येते अशा वाचकाला उद्देशून आहेत. पावलाचा कोन त्यांत सांगितलेला असतो. एका स्थितीतून दुसरीकडे जाताना घ्यावयाचा श्वास सांगितलेला नसतो. हे ग्रंथकाराचे न्यून नव्हे. उरलेले गुरू सांगेल, असे त्याने गृहीत धरले होते. ते गृहीतक कोसळले, म्हणूनच ग्रंथ आपल्याला ‘सापडला’ असे वाटते.

या दृष्टीने ‘व्याख्यान’ या शब्दाचा जुना अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. शास्त्रपरंपरेत व्याख्यान म्हणजे भाष्य, मूळ वचनाचा उलगडा. शार्ङ्गदेवाने सांगितलेली लक्षणे आणि आपल्या काळातील लक्ष्य, म्हणजे प्रत्यक्ष प्रचार, यांच्यात विरोध पडतो हे कल्लिनाथाने रागांच्या संदर्भात स्पष्टपणे नोंदवले आहे. त्याने प्रचाराला भ्रष्ट ठरवले नाही आणि ग्रंथालाही कालबाह्य म्हटले नाही. देशी हे मुळातच लोकांच्या रुचीनुसार प्रवर्तित होते, त्यामुळे त्यात नियमापासून ढळणे हा दोष होत नाही, अशी त्याची भूमिका आहे. दोन शतकांचे अंतर मान्य करून केलेले हे खरे व्याख्यान होय. आजच्या व्यासपीठावर मात्र ते अंतरच बहुधा पुसले जाते.

शिल्पांच्या वापरात हे विशेष दिसते. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात वादक स्त्रियांच्या मेळ्यात नाचणारी स्त्री आहे. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात नृत्यमग्न शिव आहे. नर्तनाध्यायावरील व्याख्यानात अशा प्रतिमा पुरावा म्हणून दाखवण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु ही शिल्पे शार्ङ्गदेवाच्या कित्येक शतके आधीची आहेत. ती त्याच्या लक्षणांची उदाहरणे असू शकत नाहीत. फार तर दोहोंमागे एखादी समान परंपरा होती असे अनुमान करता येईल. शिवाय शिल्प स्थिती देते, गती देत नाही. दोन अपूर्ण साधने शेजारी ठेवल्याने पूर्ण नृत्य सिद्ध होत नाही.

आता नर्तनाध्यायातील देशी नृत्यांकडे वळू. पेरणी आणि गौंडली ही त्यांतील दोन ठळक नावे. काकतीय दरबारातील जायसेनापतीने १२५३-५४ च्या सुमारास रचलेल्या ‘नृत्तरत्नावली’तही ती येतात. हा ग्रंथ वे. राघवन यांनी संपादित करून १९६५ मध्ये प्रकाशात आणला. पुढे नटराज रामकृष्ण यांनी या ग्रंथाच्या आणि रामप्पा मंदिरातील शिल्पांच्या आधारे तेलंगणात ‘पेरिणी’ उभी केली. तिला पुनरुज्जीवन म्हणण्याऐवजी विसाव्या शतकातील नवनिर्मिती म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. तसे म्हटल्याने तिचे मोल उणे होत नाही.

गौंडलीची गोष्ट निराळी आहे आणि ती मराठी वाचकाच्या थेट जिव्हाळ्याची आहे. कल्याणच्या उत्सवात भिल्लीच्या वेषातील एका स्त्रीचे गाणे-नाचणे पाहून सोमेश्वराने हा प्रकार सिद्ध केला, आणि महाराष्ट्रात भिल्लीला गोंडिनी म्हणतात म्हणून त्याला हे नाव पडले, असे जायसेनापती सांगतो. म्हणजे ग्रंथात पोचण्यापूर्वी हे नृत्य वनवासी स्त्रीच्या नावाशी जोडलेले होते. तुळजापूर आणि माहूरच्या देवींच्या उपासनेतील गोंधळाशी गौंडलीचे नाते अभ्यासकांनी सुचवले आहे. केवळ नामसाम्यावर ते सिद्ध मानू नये. एक दरबारी स्त्रीनृत्य आहे, तर दुसरा संबळ-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर चालणारा पुरुषांचा विधी. हा भेद लहान नाही. तरीही तुलनेला येथे लक्ष्य जिवंत आहे. गोंधळी कुटुंबांतील जाणकार आजही पावले टाकतात, कथा लावतात, दिवटी हाती घेतात.

तेव्हा प्रश्न असा, की नर्तनाध्यायाच्या व्याख्यानात या जाणकाराचे स्थान कोणते? भाषणानंतरच्या मनोरंजनाचे, की भाष्यकाराचे? त्याला पहिले स्थान दिले, तर सोमेश्वराच्या काळी घडलेलेच पुन्हा घडेल : नृत्य दरबारात जाईल आणि ज्यांचे ते होते त्यांचे केवळ नाव मागे राहील. दुसरे स्थान द्यावयाचे तर त्याच्या ‘असे होत नाही’ या आक्षेपाला टीकाकाराच्या पाठभेदाइतके वजन द्यावे लागेल, प्रसंगी ग्रंथाची संगती सोडून द्यावी लागेल. वारसा जपणे या शब्दप्रयोगात जपणारा कोण, हे गृहीत धरलेले असते. कल्लिनाथाची परंपरा मानावयाची, तर लक्षणाला लक्ष्यासमोर उभे करण्याची तयारी हीच अशा व्याख्यानाची कसोटी ठरावी.