'आपले हॉटेल' : एका सर्वनामाची तपासणी

मोठ्या शहरातील आवडत्या खाद्यगृहांविषयी मराठीत विपुल लेखन होत असते. कोपऱ्यावरचा इराणी, गल्लीतली मिसळ, बाजारामागची खाणावळ यांची वर्णने पुरवण्यांतून आणि लेखसंग्रहांतून आपण वाचतो आणि वाचता वाचता आपल्यालाही भूक लागते. भूक लागणे हे अशा लेखनाचे यशच होय, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे ती या लेखनातील एका सर्वनामाबद्दल. हे लेखक नेहमी 'आपला इराणी', 'आपली खाणावळ' असे लिहितात. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' यांत भेद आहे. 'आपण' म्हणताना बोलणारा समोरच्याला बरोबर घेतो, 'आम्ही' म्हणताना त्याला बाहेर ठेवतो. हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, इंग्रजीतही नाही. ज्या भाषेत तो आहे, तिच्या लेखकाने तो जपून वापरावा, ही अपेक्षा गैर नाही. शहरातील खाद्यगृहांचा इतिहास पाहिला तर जेथे 'आपण' लिहिले जाते तेथे पुष्कळदा प्रत्यक्षात 'आम्ही' होते, असे आढळते.

या शाखेचा आदर्श म्हणून पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा निबंध सांगण्यात येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पुलंनी शीर्षकात 'माझे' हा एकवचनी शब्द ठेवला आहे, याकडे त्यांच्या अनुयायांचे लक्ष गेलेले दिसत नाही. त्यांच्या निबंधात पदार्थ हा माणसांच्या स्वभावाकडे जाण्याचा मार्ग आहे. अनुयायांच्या लेखांत पदार्थांची यादी उरते आणि माणसे गाळली जातात. याच्या अगदी उलट टोकाला अरुण कोलटकरांची 'इराणी रेस्टॉरंट बॉम्बे' ही इंग्रजी कविता आहे. तीत इराणच्या शहाची तसबीर आहे, केक आहे, गिऱ्हाईक आहे, पण 'आपण' कोठेही नाही. कवी तेथे नित्य बसणारा असूनही त्या जागेवर मालकी सांगत नाही. मला ही तटस्थता अधिक प्रामाणिक वाटते.

आता शब्दांकडे वळू. 'खाणावळ' हा शब्द जागेला लागतो, तसाच व्यवस्थेलाही लागतो. दूध लावतात, वर्तमानपत्र लावतात, शिकवणी लावतात, त्याचप्रमाणे खाणावळ लावतात. 'हॉटेल लावले' असे या अर्थाने कोणी म्हणत नाही. 'लावणे' या क्रियापदाने महिन्याचा करार, ओळख आणि उधारीचा विश्वास सूचित होतो. आजचा विद्यार्थी 'मेस लावली' म्हणतो तेव्हा नाम बदलले, क्रियापद मात्र खाणावळीचेच राहिले. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले, कुटुंब गावी ठेवलेले हजारो कामगार अशा खाणावळींवर जेवत. त्या बहुतांशी घराच्या खोलीत स्त्रियाच चालवीत. या स्त्रियांची संघटना प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळा'च्या रूपाने १९७५ मध्ये उभी केली. १९८२ च्या संपात कामगाराचा पगार थांबला तेव्हा या स्त्रियांच्या उधारीचे काय झाले असेल, याची कल्पना खाद्यलेखन वाचून येत नाही. गिऱ्हाइकाच्या आठवणी आपल्यापाशी मुबलक आहेत, चूल सांभाळणारीच्या फार थोड्या.

खाणावळीपुढे विशेषण असे : 'ब्राह्मण खाणावळ', 'मराठा खाणावळ'. त्याचप्रमाणे 'हिंदू हॉटेल'. व्याकरणदृष्ट्या हे विशेषण मोठे चमत्कारिक आहे. ते मालकाचे की गिऱ्हाइकाचे? 'उडुपी' म्हणताना आपण मालकाचा प्रांत सांगतो. माटुंग्याला १९४२ मध्ये निघालेल्या रामा नायकांच्या 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग'च्या नावात हाच अर्थ आहे. 'इराणी' म्हणतानाही मालकाचे मूळ सांगितले जाते; येझ्द व कर्मान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी ती हॉटेले काढली. परंतु 'ब्राह्मण खाणावळ' या पाटीवरील विशेषण रांधणारा आणि जेवणारा या दोघांनाही एकदम लागते, कारण पंक्तीच्या शुद्धतेला दोघांचीही जात लागते. एकाच रचनेची ही दोन नामे अर्थाने परस्परविरुद्ध आहेत : एकात विशेषणाने दार उघडते, दुसऱ्यात त्याच विशेषणाने ते बंद होते.

इराण्याच्या पाट्यांचे साहित्यात कौतुक झाले आहे. निस्सीम इझिकेल यांनी धोबी तलावाच्या बस्तानी या हॉटेलातील सूचनांवरून इंग्रजीत एक कविताच केली. ते हॉटेल आता राहिलेले नाही. वाचक त्या मनाईच्या सूचनांना हसतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र एवढे पाहावे की, त्या सूचना वर्तनाविषयी आहेत, जन्माविषयी नाहीत. हे करू नका, ते करू नका, हे सर्वांनाच सारखे सांगितलेले आहे. मनाई सर्वांना सारखी असणे हीही एक प्रकारची समता होय, आणि संगमरवरी टेबलाशी अनोळखी माणसाच्या शेजारी बसून चहा पिण्याची सवय मुंबईला लावण्यात तिचा वाटा लहान नसावा.

येथवरचा युक्तिवाद नीटनेटका झाला, म्हणूनच तो संशयास्पद आहे. विशेषण मालकाचे असले म्हणजे दार सर्वांना उघडे, असा नियम करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून परतून बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात, रखवालदाराशी ठरवून, पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात नोंदविली आहे. त्या पाटीवरचे 'पारशी' हे विशेषण मुंबईच्या 'इराणी'सारखे नव्हते, ते 'ब्राह्मण खाणावळी'तल्या 'ब्राह्मण'सारखे होते. तेव्हा अर्थ शब्दात नसतो, दारात उभा राहणाऱ्याच्या अनुभवात असतो, एवढे मान्य करावे लागते.

म्हणूनच मला कोल्हापूरच्या एका नावाचे विशेष महत्त्व वाटते. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी छत्रपती शाहू महाराजांच्या साह्याने तेथे चहाचे दुकान काढले. महाराज (निधन १९२२) स्वतः तेथे थांबून, सोबतच्या मंडळींसह, उघड्यावर चहा घेत. दुकानाचे नाव 'सत्यसुधारक हॉटेल'. या नावात मालकाची जात नाही, गिऱ्हाइकाचीही नाही, प्रांत नाही, पदार्थ नाही. सत्यशोधकी परिभाषेच्या कुळातले हे विशेषण जागेच्या भूमिकेला लागते. तेथे चहा पिणाऱ्याला ती भूमिका पत्करावी लागे. 'आपले हॉटेल' हे शब्द कोणत्या मराठी पाटीखाली बिनचूक लिहिता आले असते, असे विचारले तर मी हिचे नाव प्रथम घेईन.

पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने १९५० मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथील प्रवेशास जन्माच्या कारणाने होणारी आडकाठी निषिद्ध ठरविली, व १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने ती दंडनीय केली. 'उपाहारगृह' या शब्दाची आपण थट्टा करतो. वऱ्हाडात लोक 'हाटेलात' जातात, उपाहारगृहात कोणी जात नाही. बोलीत हा शब्द रुजला नाही हे खरे. परंतु कायद्याच्या मराठीत ज्या दारावर हक्क सांगितला गेला, त्याचे नाव 'उपाहारगृह' हेच आहे. घडविलेला शब्द बोलीत मेला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, हे आमच्या शुद्धतावाद्यांनी नव्हे, त्यांच्या टीकाकारांनी लक्षात घ्यावे.

हे सर्व मोझरीस बसून लिहिताना एक शब्द सतत डोळ्यांपुढे येतो. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि प्रार्थनेला 'सामुदायिक' हे विशेषण दिले. प्रार्थनेला लागलेले ते विशेषण भोजनगृहाच्या पाटीवर मात्र आढळत नाही. नागपूर-अमरावती रस्त्यावर प्रवाशाला दिसते ते 'शुद्ध शाकाहारी'. पूर्वी 'शुद्ध' हा शब्द पंक्तीतल्या माणसाला लागे, आता तो ताटातल्या अन्नाला लागतो. हे स्थलांतर पूर्ण झाले आहे, की विशेषणाने केवळ जागा बदलून जुना अर्थ बरोबर आणला आहे? अमरावतीच्या गिलावड्याची गाडी अशी कोणतीही पाटी लावीत नाही. 'सांबार' म्हणजे कोथिंबीर हे ठाऊक नसलेल्या पुणेकरालाही तेथे तोच द्रोण मिळतो. तिवसा ते अमरावती या टप्प्यातील पाट्या आमच्या विद्यार्थ्यांनी जशाच्या तशा, शुद्धलेखनाच्या चुकांसह, उतरवून घ्याव्यात, आणि प्रत्येक पाटीखाली तेथे जेवणारे लोक त्या जागेला बोलताना काय म्हणतात तेही टिपावे. 'आपले' म्हणणारे कोण आणि 'त्यांचे' म्हणणारे कोण, हे त्या दुसऱ्या स्तंभावरून कळेल.