‘हे कधी वापरू नये’ असं कुठे लिहिलंय?

समीक्षा कादंबरीची होते, कवितेची होते, सिनेमाची होते, हल्ली वेबसिरीजचीही होते. माझ्या पिढीतले कितीतरी जण मात्र दिवसाचे आठ-नऊ तास एक वेगळंच लिखाण वाचतात आणि लिहितात. त्याची समीक्षा कुणी करत नाही, कारण ते लिखाण आहे असं कुणाला वाटतच नाही. ते म्हणजे कंपोनंटचं डॉक्युमेंटेशन.

कंपोनंट म्हणजे काय, हे कळायला इंजिनियर असायची गरज नाही. तुमच्या फोनवरचं कुठलंही ॲप उघडा. ‘पुढे’ असं लिहिलेलं बटण, जन्मतारखेची चौकट, नावाचा रकाना, काही चुकलं की खाली उमटणारी लाल ओळ, हे सगळे सुटे भाग असतात. ते एकदा बनवायचे आणि शंभर पानांवर वापरायचे, हा या धंद्याचा साधा हिशोब. ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्न्टन यांनी २०११ साली असे भाग ‘बूटस्ट्रॅप’ नावाने जगाला फुकट दिले आणि हा हिशोब घरोघरी पोचला. २०१४ मध्ये गुगलने ‘मटेरियल डिझाइन’ आणलं. २०१६ मध्ये श्रीलंकेतल्या ‘कादिरा’ या छोट्या कंपनीतून ‘स्टोरीबुक’ आलं. एकेक कंपोनंट वेगळा काढून, त्याच्या सगळ्या अवस्थांसकट मांडून ठेवायची ती जागा. आज बहुतेक कंपन्यांत स्टोरीबुक नाहीतर तसलंच काहीतरी असतं. भाग बनवणं आणि वाटणं आता कठीण राहिलेलं नाही. तक्रार आहे ती त्याबद्दल लिहिण्याच्या पद्धतीविषयी.

या लिखाणाचं मूळ संगणकात नाही, घरं बांधण्यात आहे. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ १९७७ साली आलं. त्यात २५३ पॅटर्न आहेत, शहराच्या रचनेपासून खोलीतल्या बसायच्या जागेपर्यंत. प्रत्येकाची मांडणी सारखी: आधी अडचण काय ते सांगायचं, मग उत्तर, आणि हा पॅटर्न दुसऱ्या कुठल्या पॅटर्नशी जोडलेला आहे ते. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ही कल्पना उचलली. पण उचलताना उत्तर घेतलं आणि अडचण मागेच ठेवली. आजचं सरासरी कंपोनंटचं पान बघा. वर एक सुंदर चित्र, खाली कोडचा तुकडा, बाजूला ‘कॉपी’चं बटण. हा भाग का बनवला, कुणासाठी बनवला, कुठे फसतो, याचा पत्ता नाही. असं पान म्हणजे दुकानाच्या काचेमागची मांडामांड. बघून जीव खूश होतो, घरी नेल्यावर कळतं.

उलट उदाहरण हवं असेल तर ब्रिटिश सरकारची ‘जीओव्ही.यूके डिझाइन सिस्टीम’ वाचा. २०१८ मध्ये ती खुली झाली. तिच्यातल्या पानांवर ठरलेली शीर्षकं असतात: कधी वापरावं, कधी वापरू नये, कसं चालतं, आणि पुष्कळ ठिकाणी वापरणाऱ्यांवर काय अभ्यास झाला तेही. तारखेचंच घ्या. जन्मतारखेसारखी माणसाला पाठ असलेली तारीख विचारायची असेल तर कॅलेंडर दाखवू नका, दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्या, असं ते पान सांगतं. कारण उघड आहे. १९५८ साली जन्मलेल्या माणसाला कॅलेंडरचे महिने एकेक करत मागे जायला लावणं म्हणजे छळ. डिझाइन म्हणून ते रकाने अगदी साधे आहेत, कुणी त्यांचा स्क्रीनशॉट काढून मिरवणार नाही. पण लेखन म्हणून ते पान मला उत्तम वाटतं, कारण लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला ‘नको’ म्हणायची हिंमत केली आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्याच जिल्ह्यातून येतो. लिहायची गरजच काय? सिंधुदुर्गातला दशावतार बघा. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळ्यांची नावं आमच्याकडे जत्रा बघणाऱ्या कुणालाही माहीत असतात. रात्रीच्या नाटकाला छापील संहिता नसते. आधी आडदशावतार: गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुर येतो. मग आख्यान. कथानक आधी बोलून ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात. राजा कसा येतो, राक्षस कसा गरजतो, युद्धाला तबला-पखवाज कसा वाजतो, हे सगळे ठरलेले भाग आहेत. आज या आख्यानात, उद्या त्या आख्यानात. पुन्हा वापरायच्या भागांचं याहून जिवंत उदाहरण मला माहीत नाही, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन शून्य.

पण हे चालतं का, ते बघायला हवं. नवा पोरगा त्याच मंडळीत रात्रीमागून रात्री उभा राहतो. चुकला तर रंगमंचावरच दुसरा सांभाळून घेतो, आणि पहाटे कुणी जाणता त्याला सुनावतो. देणारा आणि घेणारा एकाच ट्रंकेशेजारी रंगायला बसतात. कंपोनंटचं तसं नाही. बनवणारा बंगळुरात, वापरणारी नागपुरात, आणि ज्याच्या फोनवर तो उघडतो तो देवगडात. तिघांची भेट कधीच होणार नाही. बनवणारा दोन वर्षांत नोकरी बदलतो, भाग मात्र मागे राहतो. अशा वेळी संकासुराला सांभाळून घ्यायला कुणी नसतं, फक्त लिहिलेलं असतं. म्हणून तोंडी परंपरेचा दाखला देऊन ‘कोड वाचा, कळेल’ म्हणणारे सीनियर मला पटत नाहीत. कोड वाचून भाग कसा चालतो ते कळतं. तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बनवला ते कळत नाही.

ते कळतं नमुन्याच्या मजकुरातून. कंपोनंटच्या पानावर उदाहरण म्हणून जे नाव, पत्ता, आकडे भरलेले असतात ते कुणी मनावर घेत नाही, पण समीक्षकाने आधी तेच वाचावं. तिथे बहुतेक वेळा ‘जॉन डो’ बसलेला असतो. हा जॉन मोठा गुणी माणूस. नाव दोन शब्दांचं, अक्षरं सुटी सुटी, जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, काना नाही. तो प्रत्येक चौकटीत मावतो.

आता त्याच्या जागी क्षितिजाला बसवा. फोटो नसेल तर नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवणारा कंपोनंट तुम्ही शंभरदा पाहिलाय. तो आतून नावाचा पहिला ‘कॅरेक्टर’ उचलतो. क्षितिजाच्या गोलात येतो नुसता ‘क’. कारण संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे. श्रीधरच्या गोलात ‘श’. रकान्यात किती अक्षरं चालतील याची मर्यादा घातलेली असते, तिथेही हेच. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मोजतो, ब्राउझर त्याचे अकरा मोजतो. इंग्रजी नावाला ऐसपैस वाटणारी मर्यादा मराठी नावाला अर्ध्यावर कापते. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवली की खालचे उकार छाटले जातात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलंच नाही, तर मराठी वळणाचे ल आणि श ज्या फॉन्टमध्ये आहेत तिथेही हिंदी वळणाचे येतात.

यात सगळ्यात गमतीची, आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट अंकांची. जावास्क्रिप्टला सांगितलं की हा आकडा मराठीत दाखव, तर ती देवनागरी अंक दाखवते. हिंदीत दाखव म्हटलं तर इंग्रजी अंक. पण तीच जावास्क्रिप्ट तपासणी करताना ‘अंक’ म्हणून फक्त इंग्रजी अंक ओळखते. म्हणजे एकाच अर्जात वर रक्कम ‘१,५००’ अशी दिसू शकते, आणि खाली तुम्ही मराठी कीबोर्डवरून ‘९८…’ असा मोबाइल नंबर लिहिलात तर लाल ओळ उमटते: योग्य क्रमांक लिहा.

आमच्या वाडीतल्या एका काकीचा अर्ज असाच तीनदा परत आला. तिने मला फोन दाखवला आणि विचारलं, “नंबर माजोच हा, मगे चुकीचो कसो?” या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे. तिच्या फोनवर ते दिसायला जागा नव्हती. देवनागरी अंक आले तर ते आपणहून इंग्रजीत बदलून घेणं हे दोन-चार ओळींचं काम आहे. त्या कंपोनंटच्या पानावर ‘मराठी कीबोर्डवर तपासलेलं नाही’ एवढं एकच वाक्य असतं, तरी तो वापरणाऱ्या कुणीतरी थांबून विचार केला असता. न लिहिलेल्या वाक्याचा भुर्दंड काकीने भरला. तिला वाटलं आपल्याला जमत नाही.

कुणी म्हणेल, एका रकान्याचं एवढं काय? तर भाग पुन्हा वापरायची गंमतच ही की दुरुस्ती एकदा केली की सगळीकडे पोचते, आणि चूकही तशीच पोचते. केंद्राच्या एनआयसीची ‘एसथ्रीवास’ नावाची व्यवस्था आहे. सिक्युअर, स्केलेबल आणि सुगम्य, या तीन शब्दांवरून ते नाव. देशभरातल्या जिल्ह्यांची संकेतस्थळं तिच्यावर उभी आहेत, सिंधुदुर्गचंही. अक्षरं लहान-मोठी करायची सोय, स्क्रीन रीडरवाल्यांसाठी थेट मुख्य मजकुराकडे जायची वाट, हे जिल्ह्याजिल्ह्याने स्वतंत्र बनवायचं म्हटलं असतं तर किती ठिकाणी झालं असतं? एकाच जागी केलं म्हणून सगळ्यांना मिळालं. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण एवढ्या जिल्ह्यांत जाणाऱ्या भागाबरोबर जाणारा मजकूरही तेवढ्याच काळजीने लिहिलेला हवा, आणि तो त्या जिल्ह्यांच्या भाषांतही हवा.

हे किती खरं आहे, त्याची परीक्षा महाराष्ट्र सरकारनेच घेतली. मार्च २०२४ मध्ये निर्णय झाला की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं. विवाहित स्त्रियांसाठी नाव, पतीचं नाव, आडनाव ही आधीची पद्धत चालू राहिली. सामाजिक दृष्टीने हा मोठा निर्णय आहे, त्यावर पुष्कळ बोललं गेलं. कंपोनंट बनवणाऱ्याच्या नजरेतून बघा: नावाचा तीन चौकटींचा भाग आता काहींसाठी चार चौकटींचा झाला, आणि किती चौकटी हे जन्मतारखेवर ठरायला लागलं. नावाचा भाग एका जागी असेल आणि ‘मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा पतीचं असं आम्ही धरलंय’ हे त्याच्या पानावर लिहिलेलं असेल, तर बदल एका आठवड्याचा. तो भाग प्रत्येक खात्याने, प्रत्येक ठेकेदाराने आपापला कॉपी करून घेतला असेल, तर आईचं नाव कुठल्या अर्जात येईल आणि कुठल्यात राहून जाईल हे कुणीच सांगू शकणार नाही.

पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरने २०१० मध्ये नावांबद्दल प्रोग्रामर लोक काय काय चुकीचं धरून चालतात याची एक यादी लिहिली होती. आमच्या धंद्यात ती अजून वाचली जाते. तिचं मोल विनोदात नाही. मनात धरलेल्या गोष्टी तिने कागदावर आणल्या, हे मोल. डॉक्युमेंटेशनचं खरं काम तेच आहे.

“आता हे सगळं एआय लिहील,” असं म्हणणारे मित्र आहेत. लिहील की. कोडही लिहील, पानही लिहील. पण ते शिकणार आधी लिहिलेल्यावरूनच, आणि तिथे जॉन डो आधीच ठाण मांडून बसलाय. मशीनकडून भाग बनवून घेताना ‘हा कुणावर तपासला’ हा प्रश्न जास्तच विचारावा लागेल, कारण आता विचारायला बंगळुरातला तो माणूसही नसेल.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि ती सरकारआधी माझ्याच वयाच्या मराठी इंजिनियरांकडे आहे. तुम्ही बनवलेल्या प्रत्येक भागाच्या पानावर चार गोष्टी लिहा, जमलं तर मराठीत: हा कुठल्या अडचणीसाठी आहे, कधी वापरू नये, आम्ही काय धरून चाललो आहोत, आणि कुठल्या नावांवर, अंकांवर, कीबोर्डांवर तपासलाय. नमुन्याच्या रकान्यात क्षितिजा, ज्ञानेश्वर, श्रीधर भरा. फोन नंबर देवनागरीत लिहून बघा. जिथे मोडेल तिथली नोंद, दुरुस्ती व्हायच्या आधीच, पानावर टाका. पुढचा माणूस निदान सावध होईल.