सूडपटातील रक्त आणि वास्तव : शैली व परिणाम यांचा विचार

अतिरंजित हिंसेच्या सूडपटांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : एकटी व्यक्ती तलवारीने एवढी माणसे कापू शकेल काय, आणि छाटलेल्या हातातून रक्ताचे कारंजे उडेल काय? त्याला मिळणारे उत्तरही ठरलेले असते : चित्रपट शैलीप्रधान आहे, तेव्हा वास्तवाचा प्रश्नच उद्भवत नाही. ही मते परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. वास्तव म्हणजे बाह्य सादृश्य, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भरताने केलेला लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हा भेद येथे उपयोगी पडतो. नाट्यधर्मी म्हणजे असत्य नव्हे, तर संकेतांनी बांधलेले सत्य. ॲरिस्टॉटलनेही शक्य परंतु न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य परंतु संभाव्य वाटणारी घटना काव्यात श्रेयस्कर मानली. भट्ट नारायणाच्या ‘वेणीसंहारा’त दुर्योधनाचा वध रंगमंचाबाहेर होतो आणि त्याच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीम द्रौपदीची वेणी बांधतो. तेथे रक्त किती सांडले याची चौकशी कोणी करीत नाही. अपमान केवढा होता आणि त्याची फेड झाली काय, एवढेच प्रेक्षक पाहतो. म्हणजे सूडकथेत हिशेब रक्ताचा नसतो, ऋणाचा असतो.

हाच हिशेब तोशिया फुजिता यांच्या ‘लेडी स्नोब्लड’ (१९७३) या जपानी चित्रपटात दिसतो. काझुओ कोइके आणि काझुओ कामिमुरा यांच्या चित्रकथेवर आधारलेल्या या चित्रपटाची पार्श्वभूमी मेइजी काळातील सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धच्या असंतोषाची आहे. नायिका युकी तुरुंगात जन्मते, तीच मुळी आईचा सूड पूर्ण करण्यासाठी. पडद्यावर उसळणारे रक्त रंगासारखे भडक आहे. ते कोणालाही खरे वाटू नये अशीच योजना आहे. परंतु युकीने ज्याला मारले त्या बान्झोची मुलगी कोबुए शेवटी बर्फात युकीला भोसकते, तेव्हा कथेचा हिशेब अचूक जुळतो. रक्त खोटे आहे, ऋण खरे आहे.

क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या ‘किल बिल’ने (२००३ व २००४) या चित्रपटाकडून पुष्कळ घेतले, मेइको काजी यांनी गायिलेले त्याचे गीतही त्यात ऐकू येते. येथे एक कसोटी लावता येते. टोकियोतील उपाहारगृहातल्या प्रदीर्घ हत्याकांडाचा काही भाग अमेरिकी आवृत्तीत कृष्णधवल आहे, तर जपानी आवृत्तीत रंगीत. रक्ताचा रंग काढून घेतला तरी कथेचा अर्थ बदलत नाही. आता पहिल्या भागाच्या आरंभीचा प्रसंग पाहावा. एका साध्या घरात व्हर्निटा ग्रीन मारली जाते आणि तिची शाळेतून परतलेली लहान मुलगी ते पाहते. मोठेपणीही हे सलत असेल तर मी तुझी वाट पाहीन, अशा आशयाचे नायिका तिला सांगते. ही मुलगी वगळली, तर साऱ्या चित्रपटाची नैतिक बैठक ढासळते. जे बदलता येते ती शैली. जे बदलता येत नाही ते वास्तव.

२००४ साली टॅरँटिनो यांच्याच अध्यक्षतेखालील कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाने पार्क चान-वूक यांच्या ‘ओल्डबॉय’ (२००३) या कोरियन चित्रपटास ग्राँ प्री दिले. त्यातील बोळातली मारामारी एकाच सलग दृश्यात, बाजूने चित्रित केली आहे. हातोडी घेतलेला एकटा नायक जमावाला पुरून उरतो, हे अशक्यच. पण तो दमतो, थांबतो, पाठीत रुतलेल्या सुरीसह पुन्हा उभा राहतो. घटना अशक्य, थकवा विश्वसनीय. पुढे येणारे संमोहनाचे कारस्थानही तर्काला पटत नाही. परंतु हिरावलेली पंधरा वर्षे, आणि सूड पूर्ण होताच प्रतिनायकाला जगण्याचे प्रयोजनच न उरणे, हे पटते.

तथापि या मीमांसेला एक मर्यादा आहे, आणि ती गंभीर आहे. ‘किल बिल’मध्ये उपाहारगृहात पडणाऱ्या असंख्य लढवय्यांची ऋणे कोण फेडणार? त्यांच्या मुली दारात येऊन उभ्या राहत नाहीत. त्यांच्यातल्या एका पोरसवदा मुलाला नायिका तलवारीने फटके मारून आईकडे पिटाळते. या एका क्षणी त्या घोळक्यालाही घरे आहेत हे चित्रपटाला आठवते, आणि लगेच त्याचा विसर पडतो. नाव असलेल्याचे मरण परिणामांसह येते, निनावी माणसाचे मरण केवळ आकृतिबंध ठरते. शैलीप्रधान हिंसेवरचा खरा आक्षेप रक्ताच्या प्रमाणाविषयी नसून या विभागणीविषयी असावयास हवा.

म्हणून अशा सूडपटांत वास्तवाला महत्त्व आहे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. मात्र ते वास्तव शरीराचे नव्हे, परिणामांचे. जखम कशी दिसते हे शैलीने खुशाल ठरवावे. जखमेनंतर कोण उरते आणि त्या उरलेल्याकडे कथा पाहते की नाही, ही जबाबदारी शैलीच्या आड लपवता येत नाही.