चित्र खरे, मथळा खोटा

रॉबेर द्वानो यांचे पॅरिसमधील कॅफेत १९५८ साली टिपलेले एक छायाचित्र आम्ही पुनःपुन्हा न्याहाळतो. काउंटरपाशी एक गृहस्थ व एक तरुणी. पुढ्यात वाइनचे पेले. त्याची नजर तिच्यावर, तिची खाली. या दोन नजरांमधील अंतरातच रचनेचे सामर्थ्य आहे: छायाचित्रकार काही सांगत नाही, पाहणाऱ्याला तर्क करू देतो. याच मोकळिकीचा पुढे गैरवापर झाला. दोघांच्या परवानगीने घेतलेले हे चित्र आधी मद्यपानविरोधी पत्रकात, मग वेश्याव्यवसायावरील मजकुरासोबत छापले गेले. तो गृहस्थ होता चित्रकलेचा शिक्षक! त्याने दावा लावला. न्यायालयाने नियतकालिकाला दंड केला, द्वानोंना निर्दोष ठरवले. आम्हांस मात्र वाटते, अनोळखी चेहरा चौकटीत घेणाऱ्याने त्याखालच्या शब्दांचीही राखण करावी. आणि पाहणाऱ्याने आपल्या तर्काची.